पावसाचं गणित समुद्रात कुठे अडतं?

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जवळा बाजारच्या मोंढ्यात, बियाणं-खतांच्या दुकानांपुढे एकच विषय असतो : पाऊस कधी पडणार आणि पडला तर टिकणार का. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातल्या या बाजारगावाभोवतीचा पट्टा सोयाबीन, हळद, कापूस आणि तुरीचा. इथल्या जिरायत शेतकऱ्याला पाऊस किती पडेल यापेक्षा केव्हा पडेल आणि मध्येच कधी ओढ देईल, हे आधी हवं असतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विद्यापीठाचा सल्ला सगळ्यांना पाठ आहे. पण तेवढा पाऊस झाला, वापसा आला, चाड्यावर मूठ धरली आणि पुढे पंधरा-वीस दिवस उघडीप पडली, तर दुबार पेरणी कपाळी आलीच. बियाणं, खत आणि मजुरीचा खर्च मग दुसऱ्यांदा करावा लागतो.

नेमक्या याच दिवसांत बातम्यांतून देशाचा आकडा येतो : यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस. १९७१ ते २०२० या काळाची जून ते सप्टेंबरची सरासरी, म्हणजे ८७ सेंटीमीटर, ही त्याची मोजपट्टी. ९६ ते १०४ टक्क्यांच्या आत राहिला तर पाऊस 'सर्वसाधारण'. धरणं, वीज, धान्यसाठा आणि आयात यांची आखणी करणाऱ्यांना हा आकडा लागतोच. जवळा बाजारच्या शेतकऱ्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. हा आकडा येतो कुठून, समुद्र आणि हवा यांच्या देवघेवीतलं आपल्याला काय कळलं आहे, संगणकावरची हवामान-मॉडेलं त्यातलं किती पकडतात आणि गावाच्या कामाचं ज्ञान कुठे अडून बसलं आहे, याचा हा आढावा. त्यातून निघणारं माझं म्हणणं असं की मराठवाड्यातल्या पावसाच्या खंडाचं उत्तर बऱ्याच अंशी बंगालच्या उपसागराच्या वरच्या काही मीटर पाण्यात आहे. म्हणून समुद्राची मोजणी हे शेतीचंच काम समजायला हवं.

हिमालयाच्या बर्फापासून सोळा निकषांपर्यंत

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. लगेचच १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ पडला आणि पावसाचा अंदाज आधी सांगता येईल का, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा संबंध पुढच्या पावसाशी जोडला आणि १८८६ मध्ये पहिला अधिकृत मोसमी अंदाज दिला. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात खात्याचे प्रमुख होते. त्यांनी जगभरच्या दाब, तापमान आणि पावसाच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. त्यातून त्यांना दिसलं की पॅसिफिक महासागरावरचा हवेचा दाब आणि हिंदी महासागराच्या बाजूचा दाब झोपाळ्यासारखे वरखाली होतात. एक वाढला की दुसरा उतरतो. याला 'दक्षिणी दोलन' हे नाव मिळालं. वॉकर मोसमी पावसाचा माग काढायला निघाले आणि त्यांच्या हाती जगाच्या हवामानाचं एक मोठं सूत्र लागलं.

वॉकरांची पद्धत संख्याशास्त्राची होती : मागे असं असं घडलं तेव्हा पाऊस असा पडला, म्हणून यंदाही तसा पडेल. हाच धागा डॉ. वसंत गोवारीकर यांनी १९८८ मध्ये पुढे नेला. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या मॉडेलमध्ये सोळा निकष होते. त्यांत समुद्राचं तापमान, बर्फ, दाब, वरच्या थरांतले वारे असं सगळं होतं. बरीच वर्षं अंदाज जुळले आणि 'गोवारीकर मॉडेल' हे नाव मराठी घराघरांत पोचलं. २००२ मध्ये मात्र ते अडखळलं. अंदाज १०१ टक्क्यांचा होता, प्रत्यक्षात देशभर ८१ टक्केच पाऊस झाला. त्या वर्षीचा जुलै निम्म्यावर आला.

तो दोष एका मॉडेलचा नव्हता. जुन्या नात्यांवर उभा असलेला कोणताही अंदाज ती नाती टिकतात तोवरच चालतो. ती का जुळतात आणि का तुटतात हे समजायचं, तर भौतिकशास्त्राकडे, म्हणजे समुद्र आणि हवा एकमेकांना काय देतात-घेतात याकडे वळावंच लागतं.

समुद्राची आठवण

हवा विसराळू आहे. आजच्या हवेच्या स्थितीवरून दहा-बारा दिवसांपलीकडचं नेमकं हवामान सांगता येत नाही. मग जूनपूर्वी चार महिन्यांच्या पावसाबद्दल बोलायचा आधार काय? १९८१ मध्ये ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ल यांनी याचं उत्तर मांडलं. उष्ण कटिबंधातलं ऋतुमान हवेच्या खाली असलेल्या, सावकाश बदलणाऱ्या गोष्टींवर बरंचसं अवलंबून असतं. त्यांत समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान सगळ्यांत महत्त्वाचं, आणि त्याच्या जोडीला जमिनीची ओल आणि बर्फ. पाण्याची उष्णता धरून ठेवण्याची ताकद हवेच्या कितीतरी पट आहे. त्यामुळे समुद्रात झालेला बदल महिनोन्‌महिने टिकतो आणि वरच्या हवेला दिशा देत राहतो.

याचं ठळक उदाहरण एल निनो. मध्य आणि पूर्व पॅसिफिकचं पाणी तापतं, तिथला पाऊस पूर्वेकडे सरकतो आणि आपल्या बाजूला हवा खाली उतरू लागते. उतरणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत. समुद्रातली ही घटना आणि वॉकरांचं दक्षिणी दोलन ही एकाच व्यवहाराची दोन अंगं आहेत, हे १९६९ मध्ये याकोब बियर्कनेस यांनी दाखवलं. वारे मंदावले की पूर्वेचं पाणी तापतं आणि पूर्वेचं पाणी तापलं की वारे आणखी मंदावतात. म्हणजे कारण आणि परिणाम एकमेकांना खतपाणी घालतात. पुढे १९८५ ते ९४ या दशकात पॅसिफिकभर तरंगत्या नोंदयंत्रांचं जाळं उभं राहिलं आणि एल निनो काही महिने आधी सांगता येऊ लागला.

मराठवाड्याने या दुव्याची किंमत मोजली आहे. २०१५ चा एल निनो मोठा होता. देशाचा पाऊस ८६ टक्क्यांवर आला आणि मराठवाड्यात तूट चाळीस टक्क्यांच्या आसपास गेली. त्याच्या आदल्या वर्षीही पाऊस असाच आटला होता. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं.

पण एल निनो म्हणजे दुष्काळ, हे समीकरण पक्कं नाही. १९९७ मध्ये विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रबळ एल निनोंपैकी एक आला, तरी देशात १०२ टक्के पाऊस झाला. २००२ चा एल निनो त्यामानाने मध्यम, आणि दुष्काळ मोठा. २००६ मध्ये के. कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पाणी किती तापलं याइतकंच ते कुठे तापलं हे महत्त्वाचं आहे. मध्य पॅसिफिकमध्ये तापलं तर उतरत्या हवेचा भाग थेट भारतावर येतो. पेरूच्या किनाऱ्याकडे तापलं तर आपल्याला बरीच सूट मिळते.

हिंदी महासागराचा वाटा

उरलेल्या कोड्याचा मोठा भाग आपल्या अंगणातल्या समुद्रात सापडला. १९९९ मध्ये एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी, पी. एन. विनयचंद्रन आणि तोशिओ यामागाता यांनी हिंदी महासागरातला 'द्विध्रुव' मांडला. काही वर्षी आफ्रिकेकडचं पाणी नेहमीपेक्षा उबदार आणि सुमात्राकडचं गार होतं. हा धन द्विध्रुव. काही वर्षी उलट घडतं, तो ऋण. धन द्विध्रुव सहसा आपल्या पावसाला साथ देतो. १९९७ मध्ये एल निनोचा फटका बसला नाही, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं. २०१९ मध्ये द्विध्रुव विक्रमी धन झाला. जूनमध्ये देशात ३३ टक्के तूट असूनही हंगाम ११० टक्क्यांवर संपला.

या विषयात एका मराठी शास्त्रज्ञाचं काम पायाभूत आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी डी. आर. सिक्का यांच्याबरोबर १९८० मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवलं की मोसमी पाऊस म्हणजे विषुववृत्ताजवळच्या ढगांच्या पट्ट्याचं जमिनीवर सरकणं. हा पट्टा महासागरावरून पुन्हा पुन्हा उत्तरेकडे येतो. जमीन तापली, समुद्र गार राहिला आणि वारे वाहू लागले, या शाळेतल्या साध्या चित्रात ही हालचाल बसत नाही. १९८४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. समुद्राचं पाणी साधारण २८ अंश सेल्सियसच्या वर असल्याखेरीज त्यावर ढगांचे मोठे समूह उभे राहत नाहीत. पण २८ च्या वर गेलं म्हणजे ते उभे राहतीलच असंही नाही. गरम पाणी ही अट आहे, हमी नाही. २००४ मध्ये त्यांनी विषुववृत्तीय हिंदी महासागरावरच्या ढगांच्या दोलनाचा आणि टोकाच्या पावसाळ्यांचा संबंध लावला. एल निनो आणि हे दोलन एकत्र धरले की २००२ सारखी वर्षं बरीच उलगडतात.

हवा समुद्राला घडवते तेव्हा

इथपर्यंतचं चित्र एकमार्गी वाटू शकतं : समुद्र सांगतो, हवा ऐकते. पॅसिफिकच्या बाबतीत हे बरंचसं चालतं. म्हणून पूर्वी वातावरणाचं मॉडेल घेऊन त्याला समुद्राचं तापमान बाहेरून पुरवत असत. पावसाळ्यासाठी मात्र ही वाट चुकीची ठरली. २००५ मध्ये बिन वांग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की समुद्राचं खरं मोजलेलं तापमान हातात देऊनही वातावरणाची मॉडेलं आशियातला मोसमी पाऊस नीट उभा करू शकत नाहीत. समुद्र तापला की पाऊस वाढवायचा, एवढंच त्यांना माहीत होतं. प्रत्यक्षात आपल्या समुद्रांवर पावसाळ्यात अनेकदा उलटं घडतं. ढग दाटतात, ऊन अडतं, वारा पाणी घुसळतो आणि समुद्र गार होतो. तिथे हवाच समुद्राला घडवत असते.

बंगालच्या उपसागरात ही देवघेव जवळून पाहता येते. समजा जुलैच्या अखेरीस कमी दाबाचा आस हिमालयाच्या पायथ्याशी सरकला आणि मराठवाड्यात खंड पडला. त्या दिवसांत उपसागरावर आकाश निरभ्र, वारा मंद. ऊन थेट पाण्यात उतरतं आणि वरचा थर आठ-पंधरा दिवसांत एक-दीड अंशाने तापतो. बाष्प वाढतं, दक्षिणेकडून आलेला ढगांचा पट्टा त्यावर जोर धरतो आणि उत्तर उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं. ते ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ असा प्रवास करतं. हिंगोली जिल्हा त्याच्या वाटेवर आला की इथे झड लागते. मागे उपसागरात ढगांनी ऊन अडवलेलं असतं, वाऱ्याने पाणी ढवळलेलं असतं. पाणी पुन्हा गार होतं आणि चक्र नव्याने सुरू होतं.

इथे नद्यांचाही हात आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांचं गोडं पाणी उपसागरात येतं, शिवाय पाऊस थेट पडतो तो वेगळा. गोडं पाणी हलकं, त्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून राहतं. वारा सुटला तरी खालचं गार पाणी सहजासहजी वर येत नाही. म्हणून उपसागर पावसाळाभर २८ अंशांच्या वर राहतो आणि एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं जन्माला घालू शकतो. अरबी समुद्राचं तसं नाही. तिथे सोमालियाच्या किनाऱ्यावरचे जोरदार वारे खालचं गार पाणी वर ओढतात आणि जून लागल्यावर पश्चिमेकडचा समुद्र झपाट्याने गार होतो. जवळा बाजारच्या शिवारात पडलेलं पाणी ओढ्या-नाल्यांतून पूर्णेत जातं. पूर्णा गोदावरीला मिळते आणि गोदावरी उपसागराला. म्हणजे आपल्या शिवारातून वाहून गेलेला पाऊसही पुढच्या पावसाच्या समुद्रातल्या तयारीत थोडा भाग घेतो.

जोड-मॉडेलं : कमाई आणि उणिवा

समुद्र आणि वातावरण यांची मॉडेलं एकत्र चालवायची, दोघांत उष्णता, बाष्प आणि वाऱ्याचा जोर यांची सतत देवाणघेवाण होऊ द्यायची, याला जोड-मॉडेल म्हणता येईल. भारताने २०१२ मध्ये 'मान्सून मिशन' हाती घेतलं. अमेरिकेच्या हवामान संस्थेचं एक जोड-मॉडेल निवडून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते आपल्या पावसासाठी घडवलं. हिशेबासाठी ते नकाशाचे जे चौकोन पाडतं, ती त्याची चौकट सुमारे ३८ किलोमीटरची. २०१७ पासून ते हवामान खात्याच्या मोसमी अंदाजात वापरलं जातं. २०२१ पासून अनेक देशांच्या मॉडेलांचा एकत्रित कौल घेतला जातो. पुण्याच्याच संस्थेने भारताचं पहिलं पृथ्वी-प्रणाली मॉडेल उभं केलं आणि जागतिक हवामानबदलाच्या तुलनात्मक प्रयोगात भाग घेतला. २०२४ मध्ये तिथे 'अर्क' हा महासंगणक आला.

कमाई खरी आहे. एल निनोचा कल, द्विध्रुवाची चाहूल, देशपातळीवरचा झुकाव आता भौतिक आधारावर सांगता येतो. उणिवाही तितक्याच ठोस आहेत. जगभरच्या अनेक जोड-मॉडेलांमध्ये अरबी समुद्र वास्तवापेक्षा गार निघतो, त्यामुळे बाष्प कमी आणि मध्य भारतावरचा पाऊसही कमी. उलट विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर पाऊस जास्त पडतो. मॉडेलातला ढग हा चौकटीपेक्षा लहान असल्याने तो थेट मोजता येत नाही, सूत्रांनी अंदाजावा लागतो. बहुतेक चुका तिथे जन्मतात. उपसागरातला गोड्या पाण्याचा पातळ थर समुद्राच्या मॉडेलला नीट पकडता आला नाही, तर तापण्या-निवण्याचं चक्रही बिघडतं. शिवाय ३८ किलोमीटरच्या हिशेबाने साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा हिंगोली जिल्हा तीन-चार चौकटींत संपतो. त्यात सेनगाव आणि वसमत यांचा वेगळा पाऊस दिसणार नाही. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटर चौकटीची 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. ही मोठी झेप आहे, पण ती पुढच्या काही दिवसांसाठी. हंगामाच्या अंदाजासाठी नाही.

तापणारा समुद्र

या सगळ्याखाली पायाच हलतो आहे. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या मूल्यांकनानुसार १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचं पृष्ठतापमान सरासरी एक अंशाने वाढलं आणि देशाचा मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की समुद्र वेगाने तापल्याने जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक कमी झाला आणि वाऱ्यांचा जोर ओसरला. हवेतल्या धूलिकणांनीही जमिनीवरचं ऊन अडवून हीच दिशा धरली. कोल आणि सहकाऱ्यांच्याच २०१७ च्या अभ्यासानुसार १९५० पासून मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापलेल्या अरबी समुद्रावरून अधूनमधून येणारे बाष्पाचे लोंढे त्यामागे आहेत. तापमान एका अंशाने वाढलं की हवा सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे शतकाच्या पुढच्या भागात मोसमी पाऊस वाढेल, असा बहुतेक मॉडेलांचा कौल आहे.

शेतकऱ्याच्या भाषेत याचा अर्थ एवढाच : खंड लांबतील आणि पडेल तेव्हा झोडपून काढेल. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, देशभर ३६ टक्के तूट. मराठवाड्यात सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत होतं. तरी हंगामाचा देशाचा आकडा ९४ टक्के राहिला. २०२५ मध्ये उलट घडलं. हंगामाच्या उत्तरार्धात द्विध्रुव ऋण होता, तरी देशात १०८ टक्के पाऊस झाला आणि सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात नद्यांनी शिवारं खरवडून नेली. देशाचा आकडा दोन्ही वर्षी आपल्या जागी बरोबर होता. त्या दोन वर्षांत मराठवाड्यात काय घडलं, ते त्यातून कळत नाही.

गावाच्या कामाचं काय

मग शास्त्राकडून काय मागायचं? माझ्या मते दोन ते चार आठवड्यांचा अंदाज. हंगामाचा आकडा फार ढोबळ असतो आणि पाच दिवसांचा अंदाज पेरणीचा निर्णय घ्यायला अपुरा पडतो. मधल्या टप्प्यावर पुण्याच्या संस्थेने तयार केलेली पद्धत हवामान खातं वापरतं आणि दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा कल जाहीर होतो. पहिल्या दोन आठवड्यांचा अंदाज बराच भरवशाचा असतो, पुढे भरवसा ओसरतो. २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेला मान्सून आगमनाचा अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवला. त्यात पाऊस मध्येच थबकेल, हेही आधी सांगितलं होतं. अशी मॉडेलं जुन्या नोंदींवर शिकतात. समुद्राच्या नोंदी तोकड्या असल्या, तर त्यांचं शिकणंही तोकडंच राहणार.

म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती केंद्राचे दहा दिवसांनी वर येऊन तापमान आणि क्षारता सांगणारे तरंगक, चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचे उपसागरात नांगरलेले नोंद-बोये, हे सगळं जिरायत शेतीच्या पायाभूत सोयींत धरलं पाहिजे. धरण, कालवा, गोदाम जसं, तसंच हे. एखादा बोया बंद पडला की उपसागराच्या त्या तुकड्याची नोंद तुटते आणि तिथून निघणाऱ्या पावसाचा अंदाजही कच्चा होतो.

दुसरं टोक गावाकडचं आहे. ६५ मिलिमीटरच्या वर गेलेली अतिवृष्टी महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर ठरते; पीकविम्याचा सलग २१ दिवसांच्या खंडाचा निकषही २०२४ पर्यंत त्यावरच ठरत असे. त्या नोंदी नुकसानभरपाईपुरत्या न ठेवता मॉडेलच्या चुका तपासायला वापरल्या पाहिजेत. दर हंगामानंतर जिल्ह्यागणिक जाहीर व्हावं : दोन आठवड्यांचा अंदाज किती वेळा खरा ठरला, खंड किती वेळा आधी सांगता आला, किती वेळा हुकला. अंदाजाचा भरवसा किती, हे शेतकऱ्याला कळलं तरच तो त्यावर पैसा लावेल.

डॉ. गाडगीळ यांनी कर्नाटकातल्या पावागडा भागात कोरडवाहू भुईमुगावर शेतकऱ्यांबरोबर काम केलं. पावसाच्या दीर्घ नोंदी आणि पिकाचं मॉडेल जोडून पेरणीची योग्य खिडकी शोधली. प्रश्न शेतकऱ्याने विचारला, उत्तर हवामानशास्त्राने दिलं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे मराठवाड्याच्या पिकांचं ज्ञान आहे, पुण्याकडे मॉडेल आहे, मंडळांकडे पावसाच्या नोंदी आहेत. सोयाबीनची पेरणी केव्हा सुरू करावी आणि केव्हा थांबावी, खंडाची शक्यता दहांत किती, तशा वेळी रुंद वरंबा-सरी करावी की कमी दिवसांचं वाण निवडावं, हे या तिघांनी मिळून जवळा बाजारसारख्या प्रत्येक मंडळासाठी सांगणं आज शक्य आहे. शास्त्र तिथवर पोचलं आहे. आता हे काम संस्थांनी कोणाच्या तरी नावावर सोपवायचं आहे आणि ते दर मे महिन्यात, पेरणीआधी, मराठीत लोकांसमोर ठेवायचं आहे.